वर्गातली नवी यंत्रे आणि आपले शिक्षक
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



 मी काही विदुषी नव्हे. १९८६ साली डी.एड. होऊन प्राथमिक शाळेत लागले आणि २०२२ साली मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाले. हातात खडू घेऊन बोलायची सवय. ध्वनिक्षेपकासमोर बोलायची नाही. तेव्हा कुठे अडखळले तर सांभाळून घ्या.

विषय सुचवताना तुमच्या चिटणीसबाईंनी मला सरळच विचारले, "बाई, शिक्षकांना या संगणकाचे आणि मोबाईलचे एवढे वावडे का हो?" प्रश्न काही त्यांच्या एकटीचा नाही. हळदीकुंकवाला जा, भिशीला जा, कोणीतरी म्हणतेच, "आमचा नातू सात वर्षांचा, पण मोबाईल कसा झरझर चालवतो! आणि त्याच्या बाईंना मात्र साधा फोटो पाठवता येत नाही." सगळ्याजणी हसतात. मीही हसते. पण घरी आल्यावर विचार करते, की हा आरोप खरा आहे का? आणि खरा असला तर दोष कोणाचा?

माझे म्हणणे आधीच सांगून टाकते. शिक्षकाला यंत्राचे वावडे नाही. यंत्र आपल्या शिकवण्याला उपयोगी पडणार की आपला वेळ खाणार, एवढे तो पारखून घेतो. आणि ही पारख म्हणजे मागासलेपणा नव्हे.

आपल्या स्वयंपाकघराचेच पाहा ना. प्रेशर कुकर आला, तो आपण घेतला. मिक्सर आला, पाटा-वरवंटा अंगणात गेला. कोणी आपल्याला प्रशिक्षण दिले नाही की परिपत्रक काढले नाही. वेळ वाचला, हात दुखायचे थांबले, एवढे पुरे होते. पण त्याच घराच्या माळ्यावर नजर टाकलीत, तर मोठ्या हौसेने आणलेली आणि दोनदा वापरून ठेवून दिलेली दोन-तीन यंत्रे खोक्यासकट सापडतील. धुवायला अर्धा तास लागतो, सुटा भाग मिळत नाही, बिघडले तर दुरुस्त कोण करणार? म्हणून ती माळ्यावर गेली. त्यावरून घरच्या बाईला कोणी अडाणी म्हणत नाही. मग शाळेतल्या बाईने हाच हिशेब केला, तर तिलाच तेवढे का म्हणावे?

हा प्रकार आजचा नाही. विजेच्या दिव्याने आणि बोलपटाच्या खटपटीने प्रसिद्ध झालेल्या एडिसनने १९१३ मध्येच भाकीत केले होते, की शाळांतून पुस्तके लवकरच हद्दपार होतील आणि मुले चित्रपटावरून शिकतील. पुस्तके आहेत तेथेच आहेत. पुढे नभोवाणी आली. तीही वर्गात क्रांती करणार होती. मग दूरचित्रवाणी. आपल्या देशात १ ऑगस्ट १९७५ पासून वर्षभर उपग्रहाच्या मदतीने सहा राज्यांतील सुमारे २४०० खेड्यांत दूरचित्रवाणीचा मोठा प्रयोग झाला. महाराष्ट्र त्यात नव्हता, पण शेजारचे कर्नाटक, आंध्र आणि मध्य प्रदेश होते. तेथील मुलांसाठी शाळेच्या वेळात कार्यक्रम दाखवले जात. वर्ष सरले, उपग्रह परत गेला. १९८४ मध्ये केंद्र सरकारने निवडक शाळांसाठी संगणक-साक्षरतेचा प्रकल्प काढला. त्यासाठी विलायतेतले बीबीसी मायक्रो नावाचे संगणक आले.

लॅरी क्यूबन नावाच्या अमेरिकन अभ्यासकाने १९८६ मध्ये 'शिक्षक आणि यंत्रे' या अर्थाच्या नावाचे एक पुस्तक लिहिले. चित्रपट, नभोवाणी आणि दूरचित्रवाणी यांची अमेरिकेतल्या वर्गांत काय गत झाली, हे त्यात तपासले आहे. दर वेळी तेच घडले. आधी मोठमोठी आश्वासने, मग यंत्रांची खरेदी, मग वापर थोडा, आणि शेवटी खापर शिक्षकांच्या माथी. यंत्र आणायचे की नाही, कोणते आणायचे, हे ठरवताना मात्र वर्गात उभे राहणाऱ्याला कोणी विचारलेले नव्हते.

आता आपल्याकडचे सांगते. महाराष्ट्रात एमएस-सीआयटी हा संगणकाचा अभ्यासक्रम सुरू झाला आणि पुढे सरकारी नोकरीसाठी ती परीक्षा आवश्यक ठरली. आम्ही चाळिशी गाठलेल्या शिक्षिका संध्याकाळी शाळा सुटल्यावर केंद्रावर जात असू. घरी पोळ्या व्हायच्या असत. शिकवणारा मुलगा आमच्याच एखाद्या विद्यार्थ्याच्या वयाचा. तरी आम्ही शिकलो, उत्तीर्ण झालो, प्रमाणपत्रे घेतली. पण शाळेत परत आलो, तर संगणक कुठे होता? बऱ्याच ठिकाणी मुख्याध्यापकांच्या खोलीत, कापडाखाली झाकलेला. दसऱ्याला त्याला झेंडूची माळ पडे, एवढाच त्याचा उत्सव! कारण काय, तर तो डेडस्टॉक रजिस्टरला चढलेला. मुलाच्या हातून बिघडला तर भरपाई कोणाच्या पगारातून होणार, ही धास्ती. वीजबिल थकले म्हणून जोडणी तोडलेल्या जिल्हा परिषद शाळांच्या बातम्या तर आपण सर्वांनीच वर्तमानपत्रांत वाचल्या आहेत. दिवा नाही तेथे संगणक काय करणार?

भगिनींनो, आता दुसरी बाजू ऐका. याच शिक्षकांनी, कोणी सांगितले नसताना, काय काय केले तेही पाहिले पाहिजे.

सोलापूर जिल्ह्याच्या माढा तालुक्यात परितेवाडी नावाची वाडी आहे. तेथील जिल्हा परिषद शाळेचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकाच्या पानांवर ठिपक्याठिपक्यांचे चौकोनी चित्र, ज्याला क्यूआर कोड म्हणतात, चिकटवायला सुरुवात केली. मोबाईल त्यावर धरला की त्या पाठाची कविता ऐकू यावी, चित्रफीत दिसावी, अशी ती योजना. तेथील पुष्कळ मुलांची घरची भाषा कन्नड. म्हणून त्यांनी पाठ मुलांच्या भाषेतूनही समजतील अशी सोय केली. पुढे आपल्या राज्याच्या पाठ्यपुस्तकांत असे कोड छापले जाऊ लागले आणि २०१७ मध्ये सुरू झालेल्या केंद्र सरकारच्या 'दीक्षा' या मंचाने ती पद्धत देशभर नेली. २०२० च्या डिसेंबरात डिसले गुरुजींना दहा लाख डॉलरचा जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला, तेव्हा त्यांनी त्यातली निम्मी रक्कम अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांना वाटून दिली. ही कल्पना खेड्यातल्या एका वर्गात, एका शिक्षकाला पडलेल्या अडचणीतून निघाली, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

ठाणे जिल्ह्यात शहापूर तालुक्यातल्या पाष्टेपाड्याची छोटी शाळाही अशीच 'डिजिटल शाळा' म्हणून नावारूपाला आली. २०१५ मध्ये 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' हा कार्यक्रम निघाल्यावर गावोगावच्या शिक्षकांनी लोकवर्गणी जमवली. कोणी स्वतःच्या खिशातून पैसे घातले, कोणी माजी विद्यार्थ्यांना गाठले, आणि वर्गात पडदे आणि प्रोजेक्टर आणले. ज्यांना यंत्राचे वावडे आहे, ती माणसे असे करतील काय?

मग नाराजी कुठून येते? तीही सांगते. वर्गात शिकवायला यंत्र येते, ते एक. आणि शिक्षकाकडून माहिती भरून घ्यायला येते, ते दुसरे. मुलांची आकडेवारी, पोषण आहाराची नोंद, हजेरी, प्रशिक्षणाचे फोटो, कार्यक्रमाची चित्रफीत, सगळे 'ऑनलाइन' भरा, आणि आजच भरा! दिवसा ते संकेतस्थळ उघडत नसे. मग मी आणि माझ्या सहकारी शिक्षिका रात्री अकरा-बारापर्यंत घरी जागून माहिती भरत असू. भरता भरता ते बंद पडले की पुन्हा पहिल्यापासून. दुसऱ्या दिवशी सकाळी वर्गावर उभे राहायचे तेव्हा डोळे चुरचुरत. ज्या यंत्राने रात्रीची झोप घालवली, त्याच्याकडे सकाळी प्रेमाने कोण पाहील? बाहेरून पाहणाऱ्याला वाटते, या बाई संगणकाला कंटाळल्या. खरे म्हणजे त्या कारकुनीला कंटाळलेल्या असतात.

काही विद्वान तर म्हणतात, शिक्षक बाजूलाच ठेवा. मुलांना यंत्र द्या, ती आपोआप शिकतील. याचाही अनुभव जगाने घेतला आहे. दर मुलाला एक स्वस्त लॅपटॉप द्यायचा, अशी मोठी चळवळ २००५ मध्ये अमेरिकेतून निघाली. तिचा एक छोटा प्रयोग २००७ मध्ये आपल्या रायगड जिल्ह्यात कर्जतजवळच्या खैरात येथील एकशिक्षकी शाळेतही झाला. दक्षिण अमेरिकेतल्या पेरू देशाने तर लाखांनी असे लॅपटॉप वाटले. तेथील ३१९ ग्रामीण शाळांच्या पाहणीचे निष्कर्ष २०१२ मध्ये प्रसिद्ध झाले. मुले लॅपटॉप वापरायला शिकली, पण गणित आणि भाषा यांत त्यांची प्रगती झाल्याचे दिसले नाही. यंत्र आले, पण त्यावर काय करायचे हे दाखवणाऱ्या शिक्षकाची पुरेशी तयारी करून घेतलेली नव्हती.

साधनाला हात लागतो तो शिक्षकाचा, हे आपल्या महाराष्ट्राला नवे नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला आणि पुढे कोसबाडला बालशिक्षणाचे काम केले. माँटेसरीची साधने महागडी, परदेशी धर्तीची. या दोघींनी ती आदिवासी मुलांच्या परिसरातल्या बिया, शिंपले, पाने, माती यांतून उभी केली. शाळा अंगणात नेली, गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणात नेली. त्यांनी नव्या पद्धतीला नाकारले नाही, आणि ती आंधळेपणाने उचललीही नाही. चांगला शिक्षक संगणकाशी असाच वागतो.

आता २०२० सालाकडे येते. मार्चमध्ये करोनामुळे शाळा बंद झाल्या. ज्यांना आपण 'मोबाईल येत नाही' म्हणून हसत होतो, त्याच शिक्षिकांनी महिनाभरात गट तयार केले, घरच्या भिंतीला फळा टांगून पाठ चित्रित केले, पोळपाटावर खडूने अपूर्णांक समजावले. सह्याद्री वाहिनीवर 'टिलीमिली' ही मालिका जुलैत सुरू झाली. शिकवण्याची गरज समोर उभी राहिली, तेव्हा शिकायला वेळ लागला नाही.

परंतु त्या वर्षाने आणखी एक गोष्ट दाखवली, आणि ती मला आजही सलते. मी दूरध्वनी करून विचारी, "अभ्यास का पाठवला नाही?" तर उत्तर येई, "बाई, फोन बाबांबरोबर कामावर जातो." दुसऱ्या घरी, "फोन दादाकडे आहे, त्याची दहावी आहे." संध्याकाळी फोन घरी आला की आधी भाऊ, मग धाकटा भाऊ, आणि मुलीची पाळी येईपर्यंत भांडी घासायची वेळ झालेली. हा केवळ माझ्या शाळेचा अनुभव नाही. 'प्रथम' संस्थेच्या २०२४ च्या 'असर' पाहणीत ग्रामीण भागातल्या चौदा ते सोळा वर्षांच्या मुलांना विचारले होते. स्मार्टफोन वापरता येणाऱ्यांपैकी ३६.२ टक्के मुलांकडे स्वतःचा फोन होता, मुलींपैकी २६.९ टक्क्यांकडेच. त्याच पाहणीत असेही दिसले, की फोन वापरता येणाऱ्या मुलामुलींपैकी ५७ टक्क्यांनी आदल्या आठवड्यात अभ्यासासाठी त्याचा वापर केला होता, आणि समाजमाध्यमांसाठी ७६ टक्क्यांनी.

हे आकडे ऐकले म्हणजे कळते, की नातू फोन झरझर चालवतो म्हणून तो 'डिजिटल साक्षर' झाला असे मुळीच नाही. बोट सरकवता येणे निराळे. सही करता आली म्हणजे वाचता आले असे आपण मानतो का? १९५९ मध्ये सातारा जिल्ह्यात ग्रामशिक्षण मोहीम सुरू झाली आणि मग ती महाराष्ट्रभर पसरली. त्यावेळी शिक्षकांनी रात्री कंदिलाच्या उजेडात प्रौढांचे वर्ग घेतले. नुसता अंगठा जाऊन सही यावी एवढाच त्यांचा हेतू नव्हता. सावकाराच्या कागदावर काय लिहिले आहे, ते माणसाला स्वतः वाचता यावे, हा होता. आजचा कागद मोबाईलच्या पडद्यावर येतो, एवढाच फरक.

तो न वाचता आल्याने काय होते? १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाडा गावी जमावाने पाच माणसांना ठार मारले. नाथपंथी डवरी गोसावी समाजाची, भिक्षा मागून पोट भरणारी ती माणसे. मुले पळवणारी टोळी हिंडते आहे, अशी अफवा त्या दिवसांत मोबाईलवरून पसरत होती. पाच घरांतले कर्ते पुरुष गेले. मैत्रिणींनो, असा मजकूर आपल्याही फोनवर येतो. आपणही तो, "खबरदारी म्हणून," दहाजणींना पाठवतो.

त्या घटनेनंतर आमच्या शाळेत सातवीच्या वर्गाला आम्ही शनिवारचा एक तास बातमी पारखण्यासाठी दिला. त्याला संगणक लागला नाही, वीज लागली नाही. मुलांनी घरच्या फोनवर आलेला एखादा मजकूर वहीत उतरवून आणायचा, आणि फळ्यावर पाच प्रश्न: हे कोणी सांगितले? केव्हाचे आहे? कुठले आहे? दुसऱ्या कोणी हेच सांगितले आहे का? आणि आपण हे पुढे पाठवले तर कोणाचे भले, कोणाचे वाईट? एका मुलीने आणलेला फोटो तर दुसऱ्याच देशातला निघाला. त्या तासाला सर्वांत उत्साहाने कोण शिकवू लागल्या म्हणाल? ज्यांना आम्ही सर्वजणी 'जुन्या वळणाच्या' म्हणत होतो, त्या मराठीच्या बाई! बातमी पारखणे म्हणजे उतारा बारकाईने वाचणे. आणि ते त्या तीस वर्षे शिकवत आल्या होत्या.

शिक्षकाच्या मनातली शंकाही आपण वाया घालवू नये. स्वीडनसारख्या पुढारलेल्या देशाने शाळांत पडद्यांचा फार वापर करून पाहिला आणि २०२३ मध्ये सरकारने पुन्हा छापील पुस्तके आणि हस्ताक्षर यांवर भर द्यायचे ठरवले. त्याच वर्षी युनेस्कोने शिक्षणातल्या तंत्रज्ञानावर मोठा अहवाल काढला. हे साधन कोणाच्या अटींवर वापरायचे, हा प्रश्न त्याच्या नावातच आहे. आणि आता २०२२ च्या अखेरीपासून विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर, निबंध, पत्र, सगळे लिहून देणारी यंत्रे आली आहेत. 'माझी आजी' या विषयावरचा निबंध यंत्र लिहून देईल, आणि शुद्धलेखनाची एकही चूक त्यात नसेल. पण त्यात आजीच नसेल! तो निबंध वाचून, "बाळ, तुझी आजी तर तंबाखूची मिश्री लावते, ती यात कुठे गेली?" असे विचारणारी बाई वर्गात हवी. तिने विचारावे म्हणून तिला मुलांच्या घरची माहिती हवी, वेळ हवा, आणि वर्गात तीसच्या जागी साठ मुले नसावीत.

आता आपल्या मंडळाने काय करावे? मोठ्या गोष्टी मी सांगत नाही. मंडळाचा शिवणवर्ग चालतो, त्या खोलीत आठवड्यातून दोन दिवस संध्याकाळी मुलींसाठी एक तास ठेवावा. दोन-तीन फोन आपणच आणून ठेवू. तेवढा तास फोन मुलींचाच. भावाने मागायचा नाही. दुसरे, गावातल्या शाळेच्या शिक्षकांना एकदा मंडळात चहाला बोलवा आणि विचारा, "तुम्हाला कशाची अडचण आहे?" वीजबिलाची असेल, दुरुस्तीची असेल, तर वर्गणीतून वाटा उचला. नवा पडदा भेट देऊन फोटो काढण्यापेक्षा जुना चालू ठेवणे अधिक मोलाचे. तिसरे, आपण स्वतः शिकू या. आलेला मजकूर पाच प्रश्न विचारल्याखेरीज पुढे पाठवायचा नाही, असा मंडळाचा नियम करा. बँकेतून बोलतो म्हणून कोणी फोनवर आकडे विचारले तर सांगायचे नाहीत, आणि फसवणूक झालीच तर लाजून गप्प न बसता १९३० या क्रमांकावर ताबडतोब कळवायचे, एवढे प्रत्येकीला पाठ असू द्या.

आणि शेवटची विनंती. पुढच्या वेळी हळदीकुंकवाला कोणी म्हणाले, की शिक्षकांना काही येत नाही, तर हसण्याआधी तिला विचारा, "तुझ्या मुलाच्या शाळेत वीज आहे का? बाईंच्या वर्गात मुले किती? रात्री त्या काय भरत बसतात?" उत्तर बहुधा तिलाच ठाऊक नसेल. ते शोधायला तिने शाळेत जावे. आई शाळेत आली, की आम्हा शिक्षकांना कोणत्याही यंत्रापेक्षा अधिक बळ येते, हे मी छत्तीस वर्षांच्या अनुभवाने सांगते.